जेलमधे भावाची दारू एकदम तुटली, आता भास होतायत. काय करू?

कोमेजलेली_जाई:
धाकटा भाऊ मोबाईल चोरीच्या केसमधे सोमवारपासून आत आहे. रोज प्यायचा, अधूनमधून गर्द (ब्राऊन शुगर) पण, आम्हाला माहीत होतं पण लाजेने झाकून ठेवलं. काल मुलाकातीला गेले तर हात लटलट कापत होते, म्हणे भिंतीवर उंदीर चालतात आणि कोणीतरी नावाने हाक मारतं. आतले म्हणतात जामिनासाठी नाटक करतोय. वकील म्हणतो तारीख येऊ दे. थांबू का?

रात्रपाळी:
नाही ताई, आजच हला. मी सिव्हिलला नर्स आहे. रोजच्या पिणाऱ्याची दारू एकदम बंद झाली की पहिल्या दोन दिवसात फिट येऊ शकते, आणि दोन-तीन दिवसांनी कंप, घाम, भास, तुमच्या भावाचं अगदी तेच चाललंय. नाटक नाही, यात माणूस दगावतो. गर्द तुटल्यावर, म्हणजे टर्कीत, अंग मोडतं, उलट्या होतात पण सहसा जीव जात नाही, दारूचं उलटं आहे, आणि लोकांना वाटतं दारू काय साधी!

गावठी_बाण:
चोरी करताना हात नव्हते का कापत?

काळा_कोट_नागपूर:
वरच्याला इग्नोर करा. तारखेची वाट बघू नका, मॅजिस्ट्रेटकडे अर्ज द्या, तातडीने तपासणी आणि सिव्हिलला हलवण्यासाठी. वकील टाळत असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, कोठडीतल्या माणसाला वकील फुकट मिळतो, उत्पन्न विचारत नाहीत. मानसिक आरोग्य कायदा 2017 चं कलम 103 कैद्यांसाठीच आहे, राज्यात निदान एका जेलात तरी मानसोपचाराची सोय हवी असं त्यात लिहिलंय. कागदावर. अर्जात दारू आणि दिसलेली लक्षणं लिहा, गर्दचं डॉक्टरला तोंडी सांगा पण सांगाच.

बराक_सात:
मी दीड वर्ष कच्चा कैदी होतो, नंतर निर्दोष सुटलो. आमच्या बराकीत असाच एक रात्रभर ओरडायचा, आम्हीच शिव्या घालायचो कारण झोप लागायची नाही, चौथ्या दिवशी त्याला उचलून नेलं, परत आला नाही, कुठे गेला कोणी सांगितलं नाही. बंगळुरूच्या जेलात निम्हान्सने (तिथली मानसिक आरोग्याची मोठी सरकारी संस्था) 5 हजारांवर कैदी तपासले होते, दर दहात जवळपास आठ जणांना मानसिक आजार नाहीतर व्यसन निघालं, व्यसन वगळलं तरी चौथ्या हिश्श्याहून जास्त. आणि देशात 2022 ला चारातले तीन कैदी कच्चेच होते, म्हणजे गुन्हा सिद्धच नाही. आत डॉक्टरपुढे जायला पण कोणीतरी बाहेरून ढकलावं लागतं.

कोमेजलेली_जाई:
अर्ज दिला. संध्याकाळी सिव्हिलला नेलं, बेडला बेडी लावलीय पण सलाईन चालू आहे. मला ओळखलं त्याने. उंदीर अजून दिसतायत म्हणतो.

रात्रपाळी:
एकदोन दिवस दिसतील. डॉक्टरला विचारा व्हिटॅमिन बी-वनची इंजेक्शनं चालू आहेत का.