पाऊल उचलेना, शीर दबलीय म्हणतात – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, कसबा बावड्यातून लिहितोय. आई ५८ वर्षांची, शुगर नाही. चार दिवस सलग उकिडवं बसून भुईमूग भांगलला. पाचव्या दिवशी उठली तर उजवं पाऊल वर उचलेना. चालताना फरशीवर फटाक्कन आपटतं, पायताण निसटतं, दोनदा उंबऱ्याला अडखळली. पावलावर वरच्या बाजूला बधिर. दुखत काहीच नाही. बोलणं, हात सगळं ठीक.

डॉक्टर म्हणाले, गुडघ्यापाशी शीर दबलीय. नर्व्हची तपासणी मंगळवारी आहे. तोवर आत्या म्हणते तेल चोळा, शेजारचे काका म्हणतात लकवा. मला कळत नाही ते असं: दबलंय गुडघ्यापाशी, तर गुडघा व्यवस्थित हलतोय आणि पाऊलच का पडलं? आणि त्याच पायाच्या चवड्यावर उभी राहून ती फळीवरचा डबा काढते, ते कसं?

उत्तर (फिजिओथेरपिस्ट आहे):
रक्तवाहिनीलाही शीर म्हणतात, चेतातंतूलाही (नसेलाही) शीर, म्हणून तेलाचा सल्ला येतो. इथं दबलीय ती नस. मांडीच्या मागून येणारी जाड नस गुडघ्याच्या जरा वर दुभंगते. एक फाटा पोटरीत जातो. चवडा खाली दाबायचं काम त्याचं, तो शाबूत आहे म्हणून डबा निघतो. दुसरा गुडघ्याखाली बाहेरच्या अंगाला, हाताला लागणाऱ्या हाडाच्या गाठीला वळसा घालून पुढं येतो. तिथं त्याच्यावर कातडीशिवाय फारसं काही नाही. तासन् तास उकिडवं बसलं की तो चेपतो. पाऊल उचलणारे स्नायू त्याच्याच ताब्यात. गुडघा हलवणाऱ्या स्नायूंच्या फांद्या वरच सुटलेल्या असतात.

नसेच्या टोकाला अ‍ॅसिटिलकोलिन नावाचं रसायन सुटलं की स्नायू आवळतो. निरोपच अडला तर धडधाकट स्नायूही गप्प.

एक करा. पाऊल हातानं काटकोनात धरा आणि आईला ते आत वळवायला सांगा. जोर लागला तर गडबड गुडघ्यापाशीच असण्याची शक्यता जास्त. नाही लागला तर कमरेचा मणका बघावा लागेल. हे डॉक्टरांना जरूर सांगा.

नसेचं नुसतं आवरण दबलं असेल तर काही आठवड्यांत सुधारतं. आतला धागा तुटला असेल तर तो दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतो, म्हणजे महिने. त्या गाठीवर चोळू नका. पाऊल उचलून धरणारा पट्टा घाला. मांडी आणि उकिडवं बसणं बंद.

धागाकर्ता:
केलं. आत चांगलं जोरात वळतंय, माझा हात ढकलला! आई म्हणते, "पट्टा घालते, पण निम्मं रान राहिलंय ते कोण भांगलणार?" ते मी बघतो. पट्टा तयार मिळतो का मापानं करून घ्यायचा?