वास नाही म्हणून निर्धास्त राहू नका
घरातलं कुणी चोरून दारू पितं का, असा प्रश्न आला की कुणीतरी म्हणतंच, "तोंडाला वास येत नाही, म्हणजे पीत नसणार." आमच्या काकांबाबत आम्हीही हेच धरून बसलो होतो. वास यायचा कुठून, खिशात कायम बडीशेप! खरी खूण सकाळच्या चहाला दिसायची. हातातली कपबशी खडखडायची, आणि 'जरा कोपऱ्यावर जाऊन' आले की हात एकदम स्थिर. काकू म्हणायची, "बीपी असेल." (झाकपाक करण्यात आमचं घर पटाईत.) घोट पोटात गेल्यावरच थरथर थांबत असेल, तर शरीर दारूवर अवलंबून आहे असं समजा. अशा माणसाची दारू घरच्याघरी एकदम तोडू नका. दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात. आधी डॉक्टर गाठा. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, तिथे पिणाऱ्यांच्या बायकांसाठी 'सहचरी' गटही चालतो. काकूला तिकडे आधी न्यायला हवं होतं.