'आंतरतारकीय' की 'अंतरतारकीय'? आणि धूमकेतूच का?

मृगशीर्ष: शाळेच्या भित्तिपत्रकासाठी ३आय/अॅटलसवर लिहितेय. १ जुलै २०२५ ला चिलीतल्या दुर्बिणीतून सापडलेला, आपल्या सूर्यमालेबाहेरून आलेला हा तिसरा ज्ञात पाहुणा. मी 'आंतरतारकीय धूमकेतू' लिहिलं, सहशिक्षिकेने खोडून 'अंतरतारकीय' केलं. बरोबर काय? आठवीच्या मुलांना चटकन कळेल असा शब्द आहे का?

देवचाफा: आंतरच. आंतरजातीय, आंतरराष्ट्रीय तसं. 'अंतर' केलं की मुलं किलोमीटर मोजायला लागतील. पण माझा आक्षेप मुळावरच आहे. आंतरतारकीय म्हणजे ताऱ्यांच्या मधल्या पोकळीतला, हा तर ३० ऑक्टोबरच्या सुमारास मंगळाच्या कक्षेच्याही आत येऊन गेला. परगावचा, परदेशी, तसा 'परतारकीय' म्हणा.

काजळमाया: मुलं 'परत-आरकीय' वाचतील! आणि हा तर परत न येणारा. त्याची कक्षा इतकी उघडी आहे की सूर्य त्याला धरून ठेवूच शकत नाही.

उंबरवाडी: आमच्याकडे धूमकेतू कोणी म्हणत नसे. १९९७ च्या उन्हाळ्यात हेल-बॉप संध्याकाळी वायव्येला नुसत्या डोळ्यांनी दिसायचा. आजी खळ्यात उभी राहून म्हणाली, "शेंडेनक्षत्र आलंय." शेंडे म्हणजे शेंडी, केसच की. ग्रीक लोकही त्याला 'लांब केसांचा'च म्हणत. असा शब्द असताना धूर कशाला?

देवचाफा: आजीबद्दल आदर ठेवून सांगतो, ते नक्षत्र नाही. आणि शेंडे हे शेंड्यावरून आलं असणार, शेंडीवरून नव्हे. धूमकेतू ऋग्वेदातला शब्द, तिथे तो अग्नीचं विशेषण आहे. धूर हाच ज्याचा ध्वज, तो.

उंबरवाडी: मग तिथे धूर तरी कुठे आहे? बर्फाची वाफ आणि धूळ. जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीला या अॅटलसभोवती पाण्यापेक्षा कार्बन डायऑक्साइडच कितीतरी जास्त दिसला. नक्षत्र चुकीचं तर धूमही चुकीचा.

काजळमाया: शेंडी किंवा धूर नसेल तर काय म्हणायचं ते सांगा. २०१७ चा ओमुआमुआ, बाहेरून आलेला पहिला ज्ञात पाहुणा, असाच होता. खगोलशास्त्रज्ञांनी आधी त्याला धूमकेतूंचं 'सी' अक्षर दिलं, मग लघुग्रहांचं 'ए', शेवटी 'आय' हा नवाच वर्ग काढला. शेपूट दिसलं नाही, तरी नुसत्या गुरुत्वाकर्षणाने जावा त्यापेक्षा किंचित वेगळा गेला. का, यावर अजून एकमत नाही. ज्यांचं हे रोजचं काम, त्यांना दोनदा अक्षर बदलावं लागलं. आपण एका शब्दावर अडून बसू नये.

देवचाफा: 'शेपूट' नको, 'पिसारा' म्हणा. शेपूट नेहमी मागे असतं. हा सूर्यापासून दूर जाताना पिसारा पुढे असतो, कारण तो कायम सूर्याच्या विरुद्ध दिशेला फेकला जातो.

उंबरवाडी: पिसारा मोराचा. तो तरी पुढे कधी असतो?

मृगशीर्ष: भित्तिपत्रक उद्या लागणार आहे. आंतर की अंतर, एवढंच सांगा ना.

देवचाफा: आंतर. पण मोराचं म्हणाल तर, नाचताना तो पिसारा उभा करतो, तेव्हा तो मागे कसा?