लसीचं श्रेय सगळ्यांना हवं, शंकेचा हिशोब कोण देणार?

चौकस

लसीकरणाचा विषय निघाला की दोन मिनिटांत गाडी ‘तुमच्या पक्षानं काय केलं’ या स्टेशनात शिरते. एकाला २१ ऑक्टोबर २०२१ चे १०० कोटी डोस दिसतात, दुसऱ्याला १९८५ मध्ये राजीव गांधींनी सुरू केलेला सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम. दोन्ही खरं आहे, वादच नाही. पण श्रेय घ्यायला सगळ्यांत पुढे असणारे सोय बघून त्याच लसीवर चिखल उडवतात, त्याचं काय?

२ जानेवारी २०२१ ला अखिलेश यादव म्हणाले, भाजपची लस मी टोचून घेणार नाही. पुढच्याच महिन्यात छत्तीसगडचे तेव्हाचे आरोग्यमंत्री, काँग्रेसचे टी. एस. सिंहदेव यांनी कोव्हॅक्सिन वापरायला नकार दिला. आता लगेच ‘बघा, देशद्रोही’ म्हणून नाचू नका. दोन डोस घेऊनही हजार डॉक्टर मेले, असं मे २०२१ मध्ये सांगत सुटलेले रामदेवबाबा कुणाच्या मांडवातले? त्यांच्या कोरोनिल या कोरोनावरच्या औषधाच्या कार्यक्रमात त्याच वर्षी फेब्रुवारीत व्यासपीठावर हर्षवर्धन आणि गडकरी बसले होते, आणि हर्षवर्धन तेव्हा देशाचे आरोग्यमंत्री होते. त्याआधी एचपीव्ही लस (गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची) राष्ट्रीय कार्यक्रमात घेऊ नका म्हणून पंतप्रधानांना पत्र लिहिणारा स्वदेशी जागरण मंच तरी कुठल्या परिवारातला?

माझ्या मते लसीबद्दलची शंका ही कुठल्याच विचारसरणीची नाही. ज्याला ज्या दिवशी परवडते, तो त्या दिवशी ती वापरतो. मतं मोजून झाली की नेता निवांत, शंका मात्र वस्तीत राहते.

पुणेरी पाटी

झालं, दोघांना एकाच तागडीत घालून मोकळे! रामदेवबाबांकडे कुठलं खातं होतं? सिंहदेव राज्याचे आरोग्यमंत्री होते, त्यांच्या एका वाक्यानं राज्यभर लसीबद्दल संशय उभा राहतो. याच कोव्हॅक्सिनचा डोस मोदींनी १ मार्च २०२१ ला एम्समध्ये जाऊन घेतला. विश्वास असा दाखवतात.

आणि रेकॉर्डच काढायचं असेल तर काढूच. २५ डिसेंबर २०१४ ला मिशन इंद्रधनुष ही केंद्राची लसीकरण मोहीम सुरू झाली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पूर्ण लसीकरण झालेली बालकं २००५-०६ मध्ये ४३.५ टक्के होती, २०१९-२१ मध्ये ती ७६ टक्क्यांच्या वर गेली. उलट जानेवारी २००८ मध्ये यूपीए सरकारच्या काळात कसौली, गिंडी आणि कुन्नूर या तिन्ही सरकारी लस कारखान्यांचे परवाने निलंबित झाले. ते कुणाच्या पापाच्या खात्यात घालायचं?

मुक्काम पोस्ट

आकडे अर्धेच का टाकले, पाटीसाहेब? मधला २०१५-१६ चा आकडा गाळलात. तो ६२ टक्के आहे. म्हणजे ४३.५ वरून ६२ पर्यंतची चढण बहुतेक यूपीएच्या दहा वर्षांतली. त्याआधी १९९८-९९ ला ४२ होते, २००५-०६ ला ४३.५. वाजपेयी सरकारची बहुतेक वर्षं याच पट्ट्यात येतात. दीड टक्का! पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला हावड्यात सापडला आणि पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र २७ मार्च २०१४ ला आलं. तेव्हा सरकार कुणाचं होतं, हे शाळकरी पोरगंही सांगेल.

आता १ मे २०२१ चं धोरण आठवा. तीच कोव्हिशील्ड केंद्राला १५० रुपयांत, राज्यांना आधी ४०० आणि मग ३००, खासगी रुग्णालयांना ६००. महाराष्ट्राला दुसऱ्या डोसपुरत्याही कुप्या पुरेनात म्हणून १८ ते ४४ वयोगटाचं लसीकरण थांबवावं लागलं. सर्वोच्च न्यायालयानं ते धोरण प्रथमदर्शनी मनमानी आणि तर्कहीन ठरवलं, तेव्हा कुठे ७ जूनला पंतप्रधान ते धोरण बदलल्याचं सांगायला टीव्हीवर आले. त्या दरम्यान नंबर लागत नाही म्हणून पहाटेपासून कोविन या नोंदणीच्या पोर्टलवर बोटं झिजवणाऱ्यांना तुमचं प्रगतिपुस्तक दाखवा.

विदर्भवासी

दोघांनाही एक एक देतो. पल्स पोलिओची सुरुवात २ ऑक्टोबर १९९४ ला दिल्लीत झाली, भाजपच्या राज्य सरकारात, आरोग्यमंत्री हेच हर्षवर्धन. पुढच्या वर्षी ती देशभर नेली नरसिंह रावांच्या काँग्रेस सरकारनं. आता भांडा.

दिल्लीचं पुरे, आपल्या घरात डोकवा. त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रात पूर्ण लसीकरण १९९८-९९ ला सुमारे ७८ टक्के होतं. २००५-०६ ला ५९. २०१५-१६ ला ५६. बिहार-यूपी वर चढत होते आणि पुरोगामी महाराष्ट्र घसरत होता! पुढे २०१९-२१ ला ७३ च्या वर आलो, म्हणजे वीस वर्षांपूर्वीच्या जागेपर्यंतही नाही. यात युतीही आली आणि आघाडीही. यावर कुठल्या पक्षाच्या प्रवक्त्यानं पत्रकार परिषद घेतलेली मला तरी आठवत नाही.

पुणेरी पाटी

१९९९ ते २०१४ सलग पंधरा वर्षं आघाडी होती. घसरण नेमकी तिथलीच आहे, एवढंच नम्रपणे नोंदवतो.

मुक्काम पोस्ट

७८ पर्यंत नेलं कुणी, हेही नम्रपणे नोंदवा. चार वर्षांच्या युतीनं नक्कीच नाही.

प्रश्नचिन्ह

तुमची पक्षांची कुस्ती चालू द्या. मला वेगळीच खटक आहे. लसीबद्दल तोंड उघडलं की माणूस एकतर विरोधी पक्षाचा नाहीतर अडाणी, असं का?

२००९-१० मध्ये खम्मम आणि वडोदऱ्यात मुलींना एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प झाला. संमतीच्या अर्जावर पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या घेतल्याचं निघालं. सात मुली दगावल्या. लसीमुळे दगावल्या असं चौकशीत ठरलं नाही, मान्य. पण २०१३ मध्ये संसदीय समितीनं संमतीच्या प्रकारावर कोरडे ओढले, ते उगाच नाहीत. सुरू झाला यूपीएच्या काळात, त्यातला एक जिल्हा भाजपच्या गुजरातेत. ३ जानेवारी २०२१ ला कोव्हॅक्सिनला परवानगी दिली तेव्हा तिसऱ्या टप्प्याच्या परिणामकारकतेचा आकडा हातात नव्हता. म्हणून तर ‘क्लिनिकल ट्रायल मोड’, म्हणजे चाचणीच्या अटींवर वापर, असं शेपूट जोडलं. तेव्हा प्रश्न विचारणारे काँग्रेसचे थरूर आणि जयराम रमेश देशद्रोही ठरले.

आणि २०२४ च्या ऐन लोकसभा निवडणुकीत, कोव्हिशील्ड मूळ जिची त्या अ‍ॅस्ट्राझेनेका कंपनीनं लंडनच्या कोर्टात रक्ताच्या गुठळ्यांचा दुर्मीळ धोका कबूल केल्याची बातमी आली. तीन वर्षं आम्हाला ‘काही होत नाही हो’ म्हणत होते ना?

चौकस

गुठळ्यांची गोष्ट २०२४ ची नाही, तिथे तुमची गल्लत होतेय. मे २०२१ मध्येच केंद्राच्या समितीनं कोव्हिशील्डनंतरच्या संभाव्य गुठळ्यांचे २६ रुग्ण जाहीर केले होते. प्रमाण दहा लाख डोसमागे ०.६१. शिवाय हा त्रास दिसला तर डोसनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत दिसतो, तीन वर्षांनी नाही. पण निवडणुकीच्या धामधुमीत ती बातमी अशी फिरली की जणू काल टोचलेल्या सगळ्यांच्या नसांत टाइमबॉम्ब आहे. विरोधकांनी ती हौसेनं फिरवली आणि सत्ताधाऱ्यांनी मे २०२१ चा आपलाच आकडा काढून दाखवण्याची तसदी घेतली नाही.

कोव्हॅक्सिनचा मुद्दा मात्र बिनतोड आहे. ३ मार्चला अंतरिम निकाल आले, ८१ टक्के, आणि मग ते शेपूट काढलं. दोन महिने थांबायचं नव्हतं तर निदान साध्या भाषेत सांगायचं होतं. प्रश्न विचारणाऱ्याला झोडपून काढलं की उत्तर शोधायला तो कुठल्या तरी फॉरवर्डकडेच जाणार.

उपकेंद्र

मी गावपातळीवर लसीकरणाचं काम करते, म्हणून लिहिते. कुठला पक्ष, हे दारात कुणी विचारत नाही. नोव्हेंबर २०१८ ला गोवर-रुबेलाची मोहीम आली तेव्हा काही शाळांत पालकांनी मुलं घरी ठेवली. का, तर ‘या इंजेक्शननं पुढं मूल होत नाही’. ही भीती पोलिओच्या थेंबांबद्दलही होती. आणीबाणीतली नसबंदी बघितलेली म्हातारी माणसं अजून घरात आहेत, त्यांना मी काय इतिहास शिकवणार?

३१ जानेवारी २०२१ ला यवतमाळ जिल्ह्यात पोलिओच्या जागी बारा बालकांना सॅनिटायझर पाजलं गेलं. पोरं वाचली. पण पुढच्या फेरीला मी गेले की आया आधी बाटली मागून घ्यायच्या, झाकण उघडून हुंगायच्या, मग बाळाला पुढं करायच्या. मी कधी रागावले नाही. कुपीवरच्या लेबलवर गोल असतो, त्यात पांढरा चौकोन. चौकोन गोलाइतका काळा झाला की लस टाकायची. ते मी प्रत्येकीला दाखवायला लागले. पुढं त्या आयाच शेजारणीला सांगायच्या, ‘बघ गं, चौकोन बघून घे.’

पहिल्या पेंटानंतर (पाच रोगांवरची एकत्र लस) रात्री बाळ तापलं, मांडी सुजली आणि फोन कुणी उचलला नाही, तर ते घर दुसऱ्या डोसला येत नाही. एवढंच असतं बऱ्याचदा. तो फोन आमच्या आशाताई उचलतात. जून २०२१ मध्ये, ऐन कोविडमध्ये, मानधनासाठी त्यांनाच संपावर जावं लागलं होतं. त्यांचं रेकॉर्ड कुठल्या पक्षाच्या जाहिरातीत येतं ते सांगा.

विदर्भवासी

+१. जाहिरातीवरून आठवलं. प्रमाणपत्रावर मोदींचा फोटो म्हणून गळा काढणाऱ्या छत्तीसगड, झारखंड आणि बंगालनं २०२१ मध्ये १८ ते ४४ वाल्यांच्या प्रमाणपत्रांवर आपापल्या मुख्यमंत्र्यांचे फोटो छापले होते.

मुक्काम पोस्ट

त्या डोसचे पैसे राज्यांनी भरले होते. केंद्रानं उरलेल्यांचे भरले ते काय स्वतःच्या खिशातून?

पुणेरी पाटी

उपकेंद्र ताईंचं पटलं. पण चौकसराव, एक सांगा. डेटा नसताना कोव्हॅक्सिन देऊ नका म्हणणं रास्त, तर मग सिंहदेवांना तुम्ही अखिलेशच्या रांगेत का बसवलंत?

चौकस

रांगेत बसवलं, पण पाट वेगळा. सिंहदेवांनी तिसऱ्या टप्प्याचा डेटा मागितला आणि कोव्हिशील्डचं लसीकरण चालूच ठेवलं. अखिलेशनी पक्षाचं नाव घेऊन अख्खी लसच नाकारली आणि जूनमध्ये ‘भारत सरकारची लस’ म्हणून घ्यायला तयार झाले. कुपी तीच होती. तेवढ्या पाच महिन्यांत त्यांचं ऐकून किती जण केंद्रावर गेलेच नाहीत, हे समाजवादी पक्षाला कुणी विचारलं नाही. बाबांनाही तसं भाजपनं विचारलं नाही, फक्त हर्षवर्धननी पत्र लिहून अ‍ॅलोपॅथीबद्दलचं एक विधान मागे घ्यायला लावलं.