पहिली हेल्थ पॉलिसी घ्यायचीये, ज्यांना क्लेम आलाय त्यांनीच सांगा

नवा_गडी: नमस्कार मंडळी. मी 29, बायको 27. नोकरी बदलताना कळलं की कंपनीचं कव्हर शेवटच्या दिवशीच संपतं, म्हणून स्वतःची पहिली पॉलिसी घ्यायचीये. बजेट वर्षाला 12 हजार, त्याच्यावर खरंच जमणार नाही. बायकोला थायरॉईडची गोळी चालू आहे. जाहिराती वाचून झाल्यात, क्लेमच्या वेळी काय झालं ते सांगा.

वादळवाट: सरळ 25 लाखांची घ्या. मी वर्षाला 31 हजार भरतो, पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, कॅशलेस, खिशातून एक रुपया गेला नाही. ऑनलाइनच घ्या, एजंटच्या नादी लागू नका.

सुमन_ताई: दादा, रक्कम नंतर बघा, आधी खोलीभाड्याची अट वाचा. आमची 3 लाखांची होती, खोलीला दिवसाला 1 टक्का म्हणजे 3000. सासूबाईंना 6000 ची खोली मिळाली कारण दुसरी रिकामीच नव्हती, आम्हाला वाटलं वरचे 3000 आपण भरू. तसं नसतं हो. खोली दुप्पट म्हणून सर्जनची फी, ओटी, भूलतज्ज्ञ, सगळं निम्मं केलं. औषधं आणि तपासण्या तेवढ्या पूर्ण दिल्या. बिलिंगच्या खिडकीपाशी उभी राहून तो कपातीचा कागद मी तीनदा वाचला.

हिशोबी_माणूस: हेल्थमध्ये काही झालं नाही तर पैसे बुडाले. मी 20 वर्षांची एन्डोमेंट, म्हणजे बचतीची आयुर्विमा पॉलिसी घेतलीये, शेवटी रक्कम हातात येते. तुमच्या वयात हेच करा.

कोरा_कागद: अहो तो हॉस्पिटलबद्दल विचारतोय, तुमची एन्डोमेंट ॲडमिट झाल्यावर बिल भरणार आहे का?

हिशोबी_माणूस: मी अनुभव सांगितला. ज्याला घ्यायचाय तो घेईल.

आकडेमोड: क्लेम रेशो 95 च्या वर असलेलीच घ्या.

कोरा_कागद: कुठला रेशो ते तरी सांगा. आयुर्विम्यात किती क्लेम दिले ते मोजतात. हेल्थमध्ये इन्कर्ड क्लेम रेशो म्हणून जो सांगतात तो प्रीमियममधला किती पैसा क्लेममध्ये गेला त्याचा असतो, किती लोकांना नाही म्हटलं ते त्यात दिसत नाही. आणि सुमनताईंसारखा निम्मा कापलेला क्लेमसुद्धा दिला म्हणूनच मोजला जातो.

पाऊलखुणा: आमचं सांगते, लांबलं तर माफ करा. बाबांना बीपी दोन वर्षांपूर्वी निघालं, पॉलिसी त्याच्या आधीची. रात्री छातीत दुखलं म्हणून नेलं, कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी विचारलं किती वर्षं बीपी, बाबा घाबरलेले, म्हणाले असेल आठ-दहा वर्षं. ते तसंच केसपेपरवर उतरलं आणि कंपनी म्हणाली जुना आजार लपवलात. आम्ही पहिल्या निदानाचं प्रिस्क्रिप्शन शोधलं, फॅमिली डॉक्टरांचं पत्र घेतलं, कंपनीकडे तक्रार केली, महिना गेला तरी काही नाही, मग विमा लोकपालांकडे, म्हणजे कंपनीविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांकडे गेलो. पैसे मिळाले पण सात महिने गेले. लोकपालांकडे फी लागत नाही, वकील लागत नाही. ॲडमिट करताना आजाराची तारीख अंदाजाने सांगू नका आणि बायकोची थायरॉईडची पहिली चिठ्ठी आजच जपून ठेवा.

वादळवाट: थायरॉईड लिहूच नका, सगळ्यांना असतो. आठ वर्षांनी कंपनी काही विचारू शकत नाही.

कोरा_कागद: चुकीचं सांगू नका हो. 2024 पासून ते आठचं पाच वर्षं झालंय, आणि फसवणूक सिद्ध झाली तर पाचनंतरही क्लेम नाकारतात. उलट लिहिलं तर जुन्या आजाराचा वेटिंग पिरियड, म्हणजे त्याचा क्लेम मिळत नाही तो काळ, जास्तीत जास्त तीन वर्षं, तोही 2024 लाच चारचा तीन झाला. थायरॉईड लिहिलेलाच बरा. आणि 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवरचा 18 टक्के जीएसटी गेलाय, त्यामुळे जुने कोटेशन बघू नका.

रानपाखरू: वरती म्हटलंय तेच, 25 लाख घ्या आणि ऑनलाइन घ्या.

आकडेमोड: किमान 10 तरी. 5 लाखांत हल्ली काही होत नाही.

नवा_गडी: सगळ्यांचे आभार, पाऊलखुणाताई तुमचं तर बायकोला वाचून दाखवलं. तुम्हाला पटणार नाही पण मी 5 लाखांचीच घेतोय, आणि एजंटकडूनच. आमच्या इमारतीत एक काकू एजंट आहेत, शेजारच्या आजोबांच्या वेळी टीपीएची (विमा कंपनीसाठी क्लेम तपासणारी संस्था) क्वेरी आली तेव्हा रात्री साडेअकराला फाइल घेऊन हॉस्पिटलच्या डेस्कवर बसल्या होत्या, मी तिथेच होतो. ॲप माझ्यासाठी तसं बसणार नाही. खोलीभाड्याला मर्यादा नसलेला प्लॅन 11,400 ला बसतोय, पुढे पगार वाढला की सुपर टॉप-अप, म्हणजे ठरलेल्या रकमेच्या वरचा खर्च देणारी जास्तीची पॉलिसी घेईन. थायरॉईड फॉर्मवर लिहिलाय, काकूंनीच आधी विचारलं. पॉलिसी हातात आल्यापासून 30 दिवस फ्री लूक आहे, म्हणजे पटली नाही तर परत करता येते, तेवढ्यात सगळी वाचून काढतो.

सुमन_ताई: खोलीच्या कलमात मर्यादा नाही असं म्हणतात आणि खाली सिंगल एसी लिहिलेलं असतं, ते बघा. ते पान इथे टाका, मी वाचते.