मदत हवी आहे: बाबांना कमी ऐकू येतंय की विसरायला होतंय?

नमस्कार. थोडं लांब लिहितेय, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

माझे बाबा ७६ वर्षांचे आहेत. देवगड तालुक्यात गावी आई आणि ते दोघंच असतात. मी डोंबिवलीला, भाऊ पुण्याला. बाबांची ३४ वर्षं भाताची गिरण होती. डिझेल इंजिन, पट्टा, वर पत्र्याचं छप्पर. आवाज इतका की गिऱ्हाईक अगदी कानाशी येऊन हिशोब सांगायचं. एवढ्या वर्षांत बाबांनी कानात कापसाचा बोळासुद्धा कधी घातला नाही.

गेली तीन-चार वर्षं त्यांना कमी ऐकू येतंय हे आम्हाला कळत होतं, पण 'वय झालं' म्हणून सोडून दिलं. ते स्वतः मानत नाहीत. "माका सगळा आयकाक येता, तुमीच तोंडातल्या तोंडात बोलतास," हे ठरलेलं उत्तर. हळू बोललं तर कळत नाही आणि आवाज चढवला की लगेच "ओरडतस कित्याक?" म्हणून चिडतात. फोनवर आता आईच बोलते. मी बाबांना काही विचारलं की मागून आईचं उत्तर येतं. दर गुरुवारी देवळात भजनाला जायचे, ते बंद झालं. टाळ सहन होत नाहीत म्हणतात. संध्याकाळी पडवीत एकटे बसून असतात.

मे महिन्यात गावात आरोग्य शिबिर झालं. तिथे म्हाताऱ्या माणसांची स्मरणशक्ती तपासत होते. शाळेचा वर्ग, डोक्यावर खडखडणारा पंखा, मागे रांग, शेजारच्या टेबलावर रक्तदाब घेणं चाललेलं. तपासणाऱ्या मुलीने तोंडाला मास्क लावला होता. तिने तीन शब्द सांगितले, मग वार, तारीख, वजाबाकी. बाबा गोंधळले, भलतीच उत्तरं दिली आणि कागदावर शेरा आला: विसरभोळेपणाची सुरुवात, पुढील तपासणी करावी. आईने तो कागद देवघरात ठेवलाय आणि त्या दिवसापासून ती त्यांना गॅसजवळ एकटं जाऊ देत नाही.

मी जूनमध्ये गेले तेव्हा एक गोष्ट पाहिली. बाबा माजघरात माझ्याकडे पाठ करून सुपारी सोलत होते. मी विचारलं, "बाबा, सकाळची गोळी घेतलीस?" ते म्हणाले, "पोळी खय? भाकरी खाल्लंय." आईने माझ्याकडे असं बघितलं, की बघ, असंच चाललंय. मी समोर जाऊन बसले, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तेच विचारलं. लगेच म्हणाले, "घेतलंय, सात वाजता. दोनच उरल्यात, येताना घेऊन ये." डबी उघडली तर खरंच दोनच होत्या.

मग मी कॅलेंडरच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत तीन शब्द लिहून त्यांना वाचायला दिले आणि कागद खिशात टाकला. अर्ध्या तासाने तिन्ही शब्द त्यांनी बरोबर सांगितले. ही काही तपासणी नव्हे हे मला कळतं. पण शिबिरात शब्द त्यांच्यापर्यंत पोचलेच नसतील, तर ते आठवणार कसे?

तरी सगळंच कानावर ढकलताही येत नाही. आगरातला पंप दोनदा चालू राहिला. टाकी भरून वाहतेय याचा आवाज त्यांना आला नाही म्हणून असेल, पूर्वी ते त्या आवाजावरच उठायचे. पण आंब्याच्या व्यापाऱ्याने पैसे दिले का, हे एकाच संध्याकाळी आईला दोनदा विचारलं. ते तर कानाचं नाही ना?

वाचायला बसले तर आणखी घाबरले. २०११च्या एका अमेरिकन अभ्यासात ६३९ माणसांना बरीच वर्षं पाहिलं होतं. सौम्य बहिरेपणात डिमेन्शियाचा (स्मृतिभ्रंशाचा) धोका सुमारे दुप्पट, मध्यममध्ये तिप्पट आणि तीव्रमध्ये पाचपट आढळला. म्हणजे आम्ही तीन वर्षं वाया घालवली का? आता कानाचं मशीन लावून उपयोग होईल का? आधी मेंदूच्या डॉक्टरकडे जायचं की कानाच्या? आणि बाबांना तयार कसं करायचं? "म्हाताऱ्याचो कान गेलो म्हणान सगळ्या वाडीत होतला," असं म्हणतात.

कुणी या वाटेने गेलं असेल तर कृपया सांगा.

श्रुती_आणि_लय लिहितात:

मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणारी आहे, रत्नागिरी जिल्ह्यात काम करते. तुम्ही लिहिलंय ते वाचून मला तरी आधी कान दिसतो. 'गोळी' आणि 'पोळी'त स्वर तोच, फक्त पहिलं व्यंजन वेगळं. वयाने आणि आवाजाने कान जातो तेव्हा बहुधा आधी उंच पट्टी जाते. बोलण्यातला जोर खालच्या पट्टीतल्या स्वरांत असतो, म्हणून माणूस बोलतोय हे ऐकू येतं. पण क, ट, प, स, श यांना धार देणारा बारीक आवाज निसटतो आणि शब्द कळत नाही. म्हणून 'मला ऐकू येतं' हे तुमचे बाबा खोटं बोलत नाहीत. हळू आवाज येत नाही आणि मोठा एकदम सहन होत नाही, हेही अंतर्कर्णाच्या बिघाडात नेहमी दिसतं. टाळ त्यामुळेच नको झालेत. ही गोष्ट आईंना नक्की समजावून सांगा. तो हट्ट वाटतो, पण हट्ट नसतो.

आधी कान-नाक-घसा डॉक्टर. कानात तेल घालायची सवय असेल तर मळ घट्ट बसलेला असू शकतो. तो निघाल्यावर आवाजबंद खोलीत ऑडिओग्राम (कोणत्या पट्टीचा आवाज किती मोठा झाल्यावर ऐकू येतो, याचा आलेख) काढा, दोन्ही कानांचा. दुकानात फुकट तपासणी करून लगेच मशीन हातात देतात, तिथे घाई करू नका. (वाचणाऱ्या सगळ्यांसाठी: एका कानाचं ऐकणं अचानक, एक-दोन दिवसांत गेलं तर वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.)

स्मरणशक्तीची तपासणी त्यानंतर, शांत खोलीत, समोरासमोर, चेहरा दिसेल अशी, आणि ऐकायला नीट येतंय याची खात्री करून. नीट ऐकू न येणाऱ्या माणसाचे गुण तोंडी चाचणीत कमी येऊ शकतात. त्या शिबिराच्या कागदाला मी निदान म्हणणार नाही. पण 'पैसे दिले का' हे दोनदा विचारणं सोडूनही देऊ नका. बी-१२, थायरॉइड, साखर पाहून घ्या. उदास मनानेही विसरायला होतं आणि भजन सुटलेला माणूस उदास असू शकतो.

आता आकड्यांबद्दल. दुप्पट-तिप्पट हा संबंध आहे, तुमच्या बाबांचं भविष्य नव्हे. बहिरेपण असलेल्या पुष्कळ माणसांना डिमेन्शिया होत नाही. संबंध का असावा याची कारणं तीन-चार सांगतात. अर्धवट ऐकलेलं जुळवण्यातच मेंदूची ताकद खर्ची पडते आणि लक्षात ठेवायला कमी उरते. माणूस चारचौघांतून उठून जातो. आवाज कमी पोचल्याने मेंदूचा ऐकण्याचा भाग वापरात राहत नाही. रक्तवाहिन्यांचा आजार कान आणि मेंदू दोन्हीला एकदम पोखरतो, हेही असतं. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४च्या अहवालात डिमेन्शियाची बदलता येण्याजोगी १४ कारणं धरली आहेत. डिमेन्शियाच्या सुमारे ४५ टक्के रुग्णांमागे ती सगळी मिळून असतात आणि त्यात कमी ऐकू येण्याचा वाटा ७ टक्के.

मशीनने उपयोग होतो का, यावर २०२३मध्ये मोठी चाचणी आली. ७० ते ८४ वयाची ९७७ माणसं, तीन वर्षं. सगळ्यांचा मिळून विचार केला तर मशीनवाले आणि बाकीचे यांच्या बुद्धीच्या घसरणीत फरक पडला नाही. पण ज्यांना मुळातच धोका जास्त होता, त्यांच्या गटात घसरण ४८ टक्के मंद झाली. म्हणून मी कुणाला 'मशीन लावा, डिमेन्शिया टळेल' असं सांगत नाही. बाबांना तुमच्याशी फोनवर बोलता येईल, एवढं कारण मला पुरेसं वाटतं.

पोफळीखाली लिहितात:

गुहागरकडची आहे. सासूबाईंचं मशीन पहिले चार महिने कपाटात होतं, कारण पहिल्याच दिवशी आम्ही त्यांना लग्नाला नेलं! सनई, माणसं, भांडी, सगळं एकदम अंगावर आलं. नंतर ज्यांनी मशीन बसवलं त्यांनी सांगितल्याप्रमाणे सुरुवात केली. सकाळी एक तास, पडवीत, फक्त एका माणसाशी बोलायचं. मग दोन तास. दीड महिन्याने त्या स्वतःच मागायला लागल्या.

आपल्याकडची दुसरी अडचण दमट हवा. पावसाळ्यात आणि घामाने मशीन पटकन बिघडतं. रात्री काढलं की बॅटरीचं दार उघडं ठेवून ओल शोषणाऱ्या पुड्यांच्या घट्ट डब्यात ठेवायचं. त्या छोट्या बॅटऱ्यांवरचा चिकट कागद काढला की त्या हवेने चालू होतात आणि पुन्हा चिकटवून थांबत नाहीत, म्हणून लागेल तेव्हाच काढायचा. टोकाला मळ अडकतो, तो रोज ब्रशने काढायचा. आमचं मशीन 'बंद पडलंय' म्हणून मी दोन तासांचा प्रवास करून गेले होते, आणि निघाला नुसता मळ. घेताना बॅटरीचं दार त्यांच्या बोटांनी त्यांना उघडता येतं का ते बघा. सुपारी सोलतात म्हणजे जमेल.

तयार करण्याबद्दल: 'तुला ऐकू येत नाही' असं आम्ही कधीच म्हटलं नाही. 'मला सारखं ओरडावं लागतं, घसा दुखतो, माझ्यासाठी एकदा तपासून घ्या' असं म्हटलं. चष्मा घातला तेव्हा वाडी काही बोलली नव्हती, हेही आठवण करून दिलं.

तिठ्यावरचा लिहितात:

खर्चाचं बघताना जिल्हा रुग्णालयात आधी विचारा. बहिरेपणासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २००७पासून आहे. राष्ट्रीय वयोश्री योजनेत गरीब ज्येष्ठांना मिळणाऱ्या साधनांत श्रवणयंत्र आहे. राज्याच्या २०२४च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्यांना अशा साधनांसाठी एकदा ३००० रुपये, उत्पन्नाच्या अटीवर. चांगलं मशीन त्यात येणार नाही, पण हातभार लागतो. ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७, तिथे चौकशी करता येते.

मूळ प्रश्नकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा लिहितेय, गणपतीला गेले तेव्हाच हे सगळं जमलं.

घशाची गोष्ट कामी आली. मी नाही, आईने सांगितली, आणि तिचा घसा खरंच बसला होता. कानातून दोन्हीकडून काळा, दगडासारखा मळ निघाला. त्यानंतरही ऑडिओग्रामची रेघ उजवीकडे, म्हणजे उंच पट्टीकडे, घसरत गेलेलीच आली. दोन्ही कानांत मध्यम, उंच पट्टीत जास्त. डॉक्टर म्हणाले, गिरणीचं आणि वयाचं मिळून. बी-१२ कमी निघालं, इंजेक्शनं चालू आहेत. स्मरणशक्तीची तपासणी तीन महिन्यांनी, मशीन लावून, शांत खोलीत करायची ठरलीय. त्याची धास्ती आहेच.

मशीन फोंडाघाटातून कोल्हापूरला जाऊन घेतलं, सध्या चाचणीवर आहे. सकाळी दोन तास घालतात. परवा फोन बाबांनी उचलला. आई मागून बोलायला लागली तर तिला म्हणाले, "तू गप रव, माका बोलाक दी." आम्ही अकरा मिनिटं बोललो.

आईने तो शिबिराचा कागद देवघरातून काढलेला नाही, पण गॅसजवळ चहा आता तेच करतात.

एकच अडलंय. भजनाला जायला तयार झालेत, पण पहिल्या गुरुवारी टाळ सुरू झाले तसं मशीन काढून खिशात घातलं आणि उठून आले. श्रुतीताई, यावर काही करता येतं का, की भजन सोडूनच द्यायचं?

श्रुती_आणि_लय लिहितात:

सोडू नका. मशीन जास्तीत जास्त किती मोठा आवाज सोडेल याची मर्यादा कमी करता येते आणि भजनासाठी वेगळी सेटिंगही ठेवता येते. नुसतं सांगून ते नीट जुळत नाही. पुढच्या वेळी कोल्हापूरला जाताना देवळातले टाळ पिशवीत घालून न्या, तिथे बाबांसमोर वाजवा आणि ते 'आता चालेल' म्हणेपर्यंत बदलून घ्या.