स्तनवर्धन शस्त्रक्रियेनंतरचा व्रण : टाक्याचे टोक बाहेर आले आहे आणि गाठ होण्याची भीती वाटते

खाडीकाठची

माझी स्तनवर्धनाची शस्त्रक्रिया होऊन आज 24 दिवस झाले. छेद दोन्ही बाजूंना छातीखालच्या घडीत आहेत, प्रत्येकी साधारण 5 सेंटिमीटर लांबीचे, आणि टाके आतल्या आत विरघळणारे असल्यामुळे काढायचे असे काही नव्हते. उजवीकडची रेघ बारीक आणि गुलाबी आहे. डावीकडे मात्र बाहेरच्या टोकाशी चार दिवसांपूर्वी मुगाच्या दाण्याएवढी फुटकुळी आली, ती फुटून थेंबभर पांढुरके पाणी आले आणि आता तिथे ताठ दोऱ्याचे टोक बोटाला लागते व बनियनला अडकते. ताप नाही, दुखतही फारसे नाही. पुढची तपासणी दहा दिवसांनी आहे. तोवर थांबावे का?

दुसरी भीती याहून मोठी आहे. बारावीत असताना मी कानाची वरची कड टोचून घेतली होती आणि तिथे शेंगदाण्याएवढी कडक गाठ आली, ती आजही आहे. शस्त्रक्रियेआधी ही गोष्ट सर्जनना सांगायची राहून गेली. आई तुपात कालवलेली हळद लाव म्हणते, मैत्रीण ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल फोडून चोळायला सांगते. व्रण सपाट व्हावा म्हणून लावतात ते सिलिकॉन जेल कधी सुरू करावे, आणि ठाण्याच्या या दमट हवेत घडीत सतत घाम असताना पट्टी टिकवायची तरी कशी?

शल्यकक्षातली

मी बारा वर्षे प्लास्टिक सर्जरी विभागात परिचारिका आहे. तुम्ही वर्णन केले आहे ते बहुधा आतल्या टाक्याचे टोक आहे. विरघळणारा दोरा शरीरात हळूहळू विरतो, पण त्याची गाठ त्वचेच्या अगदी जवळ राहिली असेल तर शरीर तिला कुसासारखे बाहेर ढकलते. हे आम्ही नेहमी पाहतो आणि एरवी मी कोणाला घाबरवलेही नसते. तरीही दहा दिवस थांबू नका, उद्याच दूरध्वनी करून दाखवून या. पोटावरच्या किंवा हातावरच्या जखमेत असे छिद्र राहिले तर फार बिघडत नाही, पण तुमच्या छेदाच्या खाली इम्प्लांट, म्हणजे आत बसवलेली कृत्रिम पिशवी आहे, आणि जंतू तिथवर पोहोचले तर केवळ औषधांनी भागेलच असे नसते, कधी कधी इम्प्लांट काढून ठेवावे लागते. दोरा स्वतः ओढू नका आणि नखे कापायच्या कात्रीने कापू तर मुळीच नका.

पसरत जाणारा लालसरपणा, पू, 38 अंश सेल्सिअसहून अधिक ताप, एकच बाजू अचानक फुगणे किंवा जखमेची कड उघडून आत काही चमकताना दिसणे, यांपैकी काहीही झाले तर उद्याचीही वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालयात जावे.

कोथरूडची निमा

माझ्या शस्त्रक्रियेला तीन वर्षे झाली, छेद तुमच्यासारखेच घडीत होते. घामाविषयी लिहिते, कारण त्याचा अनुभव कोणी आधी सांगत नाही. जखम पूर्ण मिटल्यावर सिलिकॉनची पट्टी रोज किमान 12 तास, निदान दोन-तीन महिने लावायला सांगितले होते. मे महिन्यात ती दुपारपर्यंत सरकून कमरेपाशी यायची आणि घडीत घामोळे उठले. मग मी दिवसा जेलचा पातळ थर आणि रात्री पंख्याखाली पट्टी अशी विभागणी केली. पट्टी सौम्य साबणाने धुऊन वाळवून पुन्हा वापरता येते. अंघोळीनंतर घडी टॉवेलने टिपून कोरडी करावी, रगडू नये.

माझी चूक अशी की पाचव्या आठवड्यात नणंदेच्या लग्नासाठी तारेची ब्रा घातली. तार नेमकी छेदावरच बसते. रात्री पाहिले तर डावी रेघ मधोमध सोलवटलेली होती, आणि आजही तेवढाच भाग इतर रेघेपेक्षा रुंद आहे. आणखी एक सांगते: दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात व्रण आधीपेक्षा लाल आणि टणक झाला तेव्हा मी रडले होते, पण तो पुढे आपोआप निवळत गेला. सनस्क्रीनचा आग्रह सगळे धरतात, मात्र घडीत ऊन पोहोचतेच कुठे? काखेत छेद असलेल्यांनी त्याचा विचार करावा.

त्वचेचा वैद्य

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. निमाताईंनी सांगितलेला लालसरपणा अपेक्षितच असतो, कारण त्या काळात जखमेत कोलॅजन, म्हणजे त्वचेला बळकटी देणारे प्रथिन, भराभर तयार होत असते. व्रण पक्व व्हायला 12 ते 18 महिने लागतात. तीन आठवड्यांच्या जखमेला मूळ त्वचेच्या एक तृतीयांशाहून अधिक ताकद नसते आणि तीन महिन्यांनी ती 80 टक्क्यांच्या आसपास पोहोचते. म्हणूनच ताण टाळण्यावर एवढा भर देतात.

कानाच्या गाठीची गोष्ट मात्र सर्जनना उद्याच सांगा. छेदाच्या मर्यादेतच उंचावलेला व्रण आणि मर्यादा ओलांडून शेजारच्या चांगल्या त्वचेत पसरणारा किलॉइड हे दोन वेगळे प्रकार आहेत. पहिला बहुधा काळाने बसतो, दुसरा बसत नाही. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेत किलॉइडचे प्रमाण जास्त असते. एकदा कानावर झाला म्हणून छातीखाली होईलच असे नाही, पण खाज, टोचल्यासारखी वेदना किंवा कडेबाहेर सरकणारा उंचवटा दिसताच स्टेरॉइडचे इंजेक्शन लवकर सुरू करता येते, आणि उशिरापेक्षा लवकर दिलेले अधिक उपयोगी पडते. मात्र खाली इम्प्लांट असल्याने ते कोणत्याही दवाखान्यात टोचून घेऊ नका, तुमच्या सर्जनशी बोलूनच घ्यावे.

उघड्या छिद्रावर हळद-तूप नको. ते निर्जंतुक नसते. ई जीवनसत्त्वाने व्रण सुधारतो असे सिद्ध झालेले नाही, उलट त्याच्या चोळण्याने त्वचेला पुरळ आलेले रुग्ण मी स्वतः तपासले आहेत. आणि एक प्रश्न, जो विचारायला लोक संकोचतात: तुम्ही किंवा घरातले कोणी मिश्री लावता का? तंबाखूतील निकोटिनने त्वचेच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम भरायला वेळ लागतो, मग ती सिगारेटमधून येवो वा मिश्रीतून.

खाडीकाठची

सर्वांची आभारी आहे. मिश्री मी लावत नाही. आज दाखवून आले. सर्जननी बारीक चिमट्याने टोक उचलून ते त्वचेलगत कापले, सुमारे 3 मिलिमीटरचा जांभळट तुकडा निघाला, आणि छिद्र खोल नसल्याची खात्री करून छोटी पट्टी लावली. ते मिटेपर्यंत डावीकडे जेल लावायचे नाही, उजवीकडे आजपासून सुरू केले आहे. कानाची गाठ त्यांनी बोटांनी चाचपून पाहिली, केसपेपरवर नोंदवली आणि दर महिन्याला व्रणाचा एकाच उजेडात फोटो काढून आणायला सांगितले.